पाना

चरईत, रेबेलोबाईंच्या पुढच्या खोलीत
मे महिन्यात लोकर.
पंखा बंद, धागा उडतो म्हणून.

दोनशे सुया एका ओळीत.
मी म्हटलं, मशीन मला नवीन नाही,
वागळे इस्टेटीत एकवीस वर्षं लेथवर होतो.
बाई म्हणाल्या, मग हात जरा हलका ठेवा.

कॅरेज डावीकडे, खर्र.
उजवीकडे, खर्र.
कुठेतरी एक टाका गळला
आणि बारा ओळी मला दिसलाच नाही.

कंपनीत केसभर फरक पडला
की जॉब भंगारात.
इथे दोन बाह्यांत चांगला बोटभर,
तरी बाई टेप काढत नाहीत,
नुसतं ओढून बघतात, म्हणतात, उसवा.

उसवलं.
एवढं तिकडे कधी जमलं नव्हतं,
छिललेलं लोखंड पुन्हा सळईवर चढवणं.

ठाण्यात स्वेटर घालणार कोण, पुष्पलता विचारते.
आधी बाही तर होऊ दे.

उसवलेली लोकर वळणं सोडत नाही,
भिजवून टांगायची, खाली वजन लावायचं.
घरात वजन कसलं?
ट्रंकेतून बावीस-चोवीसचा पाना काढला,
पुसला.

गॅलरीत निळी लड,
तिच्या टोकाला तो, जरासा फिरतो, थांबतो.
खाली ओव्याच्या कुंडीत
पाणी ठिबकतंय.