लवंग शेव, पन्नास ग्रॅम

रामबागेतल्या आमच्या मंडळाची बैठक,
जिन्याखालच्या खोलीत, शनिवारी साडेचारला.
विषय एकच: किराण्याच्या कुपनावर
काय द्यायचं, काय नाही.
बँकेतून निवृत्त झाल्यापासून
मंडळातलं टाइप करायचं सगळं माझ्याकडे येतं.

मी दोन रकाने आखले.
चालेल. चालणार नाही.
तूरडाळ, मूगडाळ, ज्वारी, शेंगदाणे चालतील.
गूळ चालेल, साखर नाही.
गुळावर वीस मिनिटं गेली,
मुळ्ये म्हणाले, गूळ म्हणजे न धुतलेली साखरच.
पोहे चालतील, एकमताने.
शेव नाही.
इथे मात्र पंख्याचा आवाज ऐकू आला.
इंदूरात पोहे मंजूर आणि शेव नामंजूर,
म्हणजे नवरदेव आत घेतला
आणि वरात फाटकाबाहेर ठेवली.

डॉक्टर लघाटे हसले नाहीत.
एम. वाय. मध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस.
म्हणाले, छावणीतला एक हमाल होता,
आधी त्याचा अंगठा काढला मी,
मग दोन बोटं, मग घोट्याखालचं सगळंच.
पंचपक्वान्नं नव्हता खात तो.
चार चमचे साखरेचा चहा आणि दिवसभर बिस्किटं,
पोट त्यानेच स्वस्तात भरतं.
पैसे देतोच आहोत,
तर पाय राहतील असं काही देऊ.

कुणी बोललं नाही. मीही नाही.
घरी साखरेचा डबा मी
शिलाई मशीनच्या खणात ठेवते, किल्ली कमरेला,
आणि हे संध्याकाळी जरा फिरून येतात
ते खिशात जिलबीचा वास घेऊन.

ठराव पास.
मग पोहे आले, वर शेव, बाजूला दोन-दोन जिलब्या.
डॉक्टरांनी बिनसाखरेचा चहा तेवढा घेतला,
त्यांना बोल लावायला जागा नाही.
मी सगळं खाल्लं
आणि वहीत लिहिलं, अल्पोपहार, तीनशे चाळीस.

पहिल्या तारखेला मी सियागंजच्या दुकानात
वही घेऊन बसते.
रेवाबाई आली, तीन इमारतींचे जिने झाडते ती.
दोन किलो मूगडाळ पिशवीत टाकली, न बघता,
मग बरणीकडे बोट केलं,
लवंग शेव, पन्नास ग्रॅम.
मी यादी पुढे केली.
तिला वाचता येत नाही, पण रकाने कळतात.
"सेव बिना पोया कई खावे, बई?"
एवढंच म्हणाली. भांडली नाही.

दुकानातल्या हुकुमने नंतर सांगितलं,
डाळ ती कोपऱ्यावरच्या ठेल्याला विकते,
पस्तीस रुपये कमी घेऊन.
तो तिचे मंगोडे तळतो.
शेव ती रोखीने नेते.
म्हणजे आमचं पथ्य शेवटी कढईतच पडतं
आणि वाटेत पस्तीस रुपये तिचेच गळतात.

हे मी बैठकीत सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर कुणी म्हणालं असतं,
डाळ शिजवूनच देऊ, समोर बसून खाऊ दे.
कदाचित मीच म्हणाले असते.

त्या रात्री हे झोपल्यावर
पांघरूण सारून ह्यांच्या पायांची बोटं मोजली.
दहा.
किल्ली कमरेलाच ठेवली.
रेवाबाईच्या घरी कोण कुणाची मोजतं
मला ठाऊक नाही, मी विचारलेलं नाही,
यादी करतानाही विचारलं नव्हतं.

पुढच्या पहिल्या तारखेला
पन्नास ग्रॅम शेव माझ्या पैशांनी बांधून ठेवली.
तिने पुडी हातावर तोलली,
जिना झाडून झाल्यावर बघावं तसं
माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं,
म्हणाली, "इको हिसाब कां लिखोगा, बई?"

वही उघडीच होती.