जास्तीचा क

टॅबचा पडदा उन्हात काळा पडतो,
म्हणून ओढणी डोक्यावरून पुढे घेते
आणि त्या एवढ्याशा अंधारात वाचते:
बुल. बुलक. ऑक्स. स्टिअर.
एकच निवडा.

उखर्डू आप्पा दोरी धरून उभे. बैलही उभा.
दोघांना घाई नाही.
घाई मला, दहिवेलपर्यंत अजून एकोणीस गोठे
आणि पिशवीत बारा आकडी पिवळे बिल्ले.

बुल म्हणजे वळू, हे सोपं.
बुलक म्हणजे बडवलेला.
दोघांत फरक एका क चा, आणि एका चिमट्याचा.
चिमटा मीच चालवते. साठपर्यंत मोजते, मग सोडते.
पण जनावराचं काही कमी झालं
की शब्द वाढतो, हे कसं?
आमच्यात गोऱ्ह्याचा खोंड होतो, खोंडाचा बैल,
शब्द तेवढाच राहतो,
खांदा बदलतो.

ऑक्स म्हणजे बडवून जुंपलेला.
मग सकाळी औताला ऑक्स,
आणि दुपारी लिंबाखाली रवंथ करताना कोण?
ऑफिसात विचारलं, तर सोनवणे साहेब म्हणाले,
मॅडम, तुम्ही फार बारकाईत जाता.
स्टिअर म्हणजे बडवून पोसलेला.
कशासाठी पोसलेला
ते मी आप्पांना सांगितलं नाही.

सकाळी शाळेच्या ओट्यावर चहा घेतला तेव्हा
गुरुजी वर्गात ओरडत होते, किड्स, सायलेन्स!
ठेलाऱ्यांची सगुणा तोंडावर ओंजळ धरून हसत होती.
किड म्हणजे करडू, तिला पाठ होतं,
वाड्यात सहा बांधून आली होती.

शेजारच्या खुंट्याला तांबडी कालवड.
हेफर: जी अजून व्याली नाही ती.
तीनदा गाभडली तरी हेफरच.
इथे मी फार थांबले नाही.
बोटानं पान वर सरकवलं.

पुढचा रकाना, जात.
साहीवाल नाही, गीर नाही, खिल्लार तर नाहीच.
उरतं ते नॉन-डिस्क्रिप्ट,
म्हणजे वर्णन करण्यासारखं काही नाही असा.
आणि नेमकं तेव्हाच आप्पा वर्णन करू लागले:
डावं शिंग थोडं खाली, ते लहानपणी दाव्यात अडकलेलं.
कपाळावर भोवरा, तो शुभ का अशुभ
यावरून दोन भावांचं अजून बोलणं नाही.
पांझरेला पूर होता तेव्हा
गाडीसकट पाण्यात उतरायला नकार दिला यानं,
चाबूक मोडला तरी नाही उतरला,
म्हणून त्या दिवशीचे सगळे आज आहेत.
मका खातो, कडबा बाजूला सारतो.
तीन वर्षं झाली, खांद्यावर जू नाही.

म्हणजे ऑक्सही गेला.

मी वर गेले, खाली आले.
थकलेला, असा शब्द यादीत नव्हता.
घरचा, असाही नव्हता.
आप्पा दोरी सैल करत म्हणाले,
‘त्याले नाव शे ना ताई. तेच लिख.’
नावाचा रकाना मालकाचा होता.

शेवटी बुलक दाबलं.
कानात बिल्ला मारला, खट.
कान एकदा फडकला, माशी बसल्यागत,
आणि टॅबवर हिरवं गोल फिरत राहिलं,
रेंज इथे टेकडीआड असते.

‘काय लिखं मंग?’
म्हटलं, बैल.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग बैलाकडे.
‘मंग इतला येळ काबर लागना?’