सूतभर

लोकांच्या होड्यांना ठिगळं लावून उरलेलं रेझिन,
मॅटचे कातरलेले काठ, तळाशी आवळत आलेला जेलकोटचा डबा,
एवढ्यावर बत्तीस इंचांची ही झाली.
रात्री शेडमध्ये, हार्डनरच्या वासात,
काचेची कुसं कोपरापर्यंत टोचत असताना
तिचा तळ घासला मी:
चारशेचा पेपर, मग आठशे, मग बाराशे, पाण्यात बुडवून,
नखाला काही लागेनासं होईपर्यंत.

मोटर कोल्हापूरहून कुरिअरने देवगडला आली,
डब्यावर माझं आडनाव चुकवून.
पंखा पितळेचा, दोन पात्यांचा, अंगठ्याएवढा.
कानशीने धार काढली, दोन ब्लेडांच्या काठांवर आडवा ठेवला.
जड पातं खाली गेलं.
घासलं. आता दुसरं खाली गेलं.
असे तीन रविवार.

रिसीव्हर फुग्यात घातला, पुतणीच्या वाढदिवसातला,
गुलाबी, गाठ मारून.
नाकात थर्माकोल. बुडाली तरी सापडावी.

भिकाजी मेस्त समोरच्या माडाखाली बसून बघायचे.
चाळीस वर्षं त्यांनी होड्या बांधल्या, आइनीच्या, फणसाच्या.
फायबर आलं आणि त्यांची तासणी गोणत्यात गेली.
फायबर म्हणजे मी.
त्यामुळे आमचं फार बोलणं नव्हतं.
एकदाच म्हणाले,
"इतक्या बेगीन खंय जावचा हा तिका?"
मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

पहिल्या दिवशी ती निघाली, उठली,
नाक वर, आणखी वर,
आणि पाठीवर पडली.
बॅटरी पुढे सरकवली. पडली.
मागे घेतली, तर आणखी लवकर पडली.
अकराव्या खेपेला मी तिला पोहत जाऊन आणलं
तेव्हा मेस्त पाण्याच्या कडेला आले होते.
न विचारता उचलली, उलटी केली,
दोन बोटांवर तोलली, डोळे मिटून.
"हय." नखाची खूण.
टेप लावून मोजलं, मागून दहा इंच.
तेच गणित मी रात्रभर मोबाइलवर मांडलं होतं.
मग पंख्याच्या दांड्याकडे बघून,
"शेपूट खाली घे. सूतभर.
सूतभर खंयचा, अर्धा सूत."

काडेपेटीची काडी चिरून फटीत सारली, स्क्रू आवळला.

आता ती पाण्यावर नव्हतीच.
पंख्याचं अर्धं पातं तेवढं पाण्यात,
मागे माणूसभर उंच फवारा,
आणि आवाज पोचायच्या आत ती पुढच्या वळणावर.
मेस्त उभे राहिले.
गुडघ्यामुळे ते कुणासाठी उभे राहत नाहीत.

तिसऱ्या फेरीला, जेटीपलीकडे, रिमोट मुका झाला.
मोटर आपोआप थांबली, तशीच लावली होती मी,
पण ओहोटी थांबवायचं बटण नव्हतं.
लाल ठिपका खाडीच्या मुखाकडे.
मी कुणाची तरी होडी सोडायला धावलो.
त्यांनी शर्ट धरला.
"बस. पाणी न्हेता, पाणीच हाडून घालता."

बसलो.
त्यांची पहिली होडी अशीच सुटून
तांबळडेगपर्यंत गेली होती म्हणाले.
परत आली का, ते सांगितलं नाही.

साडेसातला भरती चिप्यांच्या मुळांत शिरली
आणि तिच्यासोबत ही,
सत्तरच्या वेगाने गेलेली,
नारळाच्या करवंटीच्या चालीने.
टेप सोलली. आत चमचाभर पाणी, फुगा कोरडा.
मेस्तांनी बोट बुडवून जिभेला लावलं.
"खारा. खंयसून तरी झिरपता. सोध."
आणि काठी टेकत निघून गेले.

सकाळी शेडच्या कट्ट्यावर आइनीची एक चकती होती,
काडीच्या जागी बसेल एवढी.
कॅलिपर लावला.
अर्धा सूत.
तिन्ही बाजूंनी मोजली, चूक सापडते का बघायला.