रकाना तिसरा

नान्नजच्या पुढं, माळ संपतो न संपतो तिथं
एकवीस एकर. मी हजेरी लिहितो.
वहीत चार रकाने: नाव, वय, मूळ गाव,
सही नाहीतर अंगठा.

तिसरा रकाना सगळ्यांनाच अडतो.
अंबुबाई यलदी साखर पेठेतली,
मूळ विचारलं की माझ्या पेनाकडं बघत राहते.
आजा करीमनगरकडनं आला मागाच्या मागं,
गावाचं नाव त्यानं कुठल्या चादरीत विणून टाकलं
कुणास ठाऊक.
निंगव्वा इंडीची. पण इंडीत तिला
सोलापूरची म्हणतात.
दस्तगीर नदाफ तेवढा छातीवर हात ठेवून सांगतो:
शिराझ.

कलम बांधायला तालुक्यात असा हात नाही.
पाचर काढतो ती एका ओढीत,
ब्लेड पुसतो गळ्यातल्या रुमालाला,
आणि पट्टीचं टोक दातात धरून बोलतो,
त्यामुळं त्याचा इतिहास नेहमी जरा दाबून ऐकू येतो:
"बहामनीच्या वक्ताला आमचे आले. घोड्यावरनं.
खोगिराच्या पिशवीत हीच येल.
नाव बघा की वो, पाटीवरच लिवलंय."
ओळीच्या टोकाला पाटी आहे खरी.
शिराझ. मीच रंगवली.

भाद्रपदात वाइनरीच्या हत्तुरे मॅडम आल्या,
बुटाला पायभर चिखल.
म्हणाल्या, पेशीत शिरून तपासलंय हे,
वीस-पंचवीस वर्षं झाली त्याला.
इराणचा काही संबंध नाही.
फ्रान्सच्या आग्नेयेला, डोंगराच्या अंगाला
एक पांढरी वेल होती, माँदूझ. ती आई.
एक काळी, दुरेझा. तो बाप.
दोघं साध्या घरची,
त्यांच्या दारूसाठी कुणी गाडी जुंपली नाही.
कुठल्या बांधावर गाठ पडली, कुणी पाहिलं नाही.
बी पडलं असेल, उगवलं असेल,
आणि तण म्हणून उपटायला गेलेला एखादा हात
थबकला असेल.
नाव तर फार पुढचं. वेल जहाजातून ऑस्ट्रेलियाला गेली,
तिथं उच्चार घसरत घसरत शिराझवर येऊन टेकला.

"आन आईबाप?" निंगव्वानं विचारलं.
जेमतेम काही ओळी उरल्यात. कुणी लावत नाही.
अंबुबाई एवढंच बोलली,
"पोरगं नाव काढतंय, तवा आसंच."

दस्तगीर उठला नाही.
पुढ्यात डॉगरिजचा खुंट, तोही टेक्सासच्या चुनखडीतला,
आमचं खारं पाणी पचवतो म्हणून आणलेला.
तो त्यानं मधोमध चिरला.
काडी बसवली, डोळा वर.
सालीला साल भिडली का ते नखानं चाचपलं.
पट्टी दातात धरली आणि ह्या वेळी
बांधून होईपर्यंत बोललाच नाही.

मग म्हणाला,
"मॅडम, पेशीत खोगीर दिसतं का?"

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
"नाही. खोगीर नाही दिसत."

"मग ऱ्हाऊ द्या."

दुपारी लिंबाखाली डबे सुटले,
शेंगाचटणीची पुडी हातोहात फिरली.
दस्तगीरनं भाकरीचा पापुद्रा काढला, तसाच धरून ठेवला.
"त्या पांढरीची एक काडी मिळंल का वो?
हितं बांधून बघतो."
मॅडम म्हणाल्या, परवाने लागतात, विलगीकरण,
दोन वर्षं तरी. जगेल असं नाही.
"जगंल," तो म्हणाला. "उन्हाचं बघू आपण."

दुसऱ्या दिवशी वही उघडली.
तिसऱ्या रकान्यावर पेन अडलं ते माझंच.
त्यानं वाकून पाहिलं.
"काल होतं तेच लिवा की. शाई संपली काय?"
लिहिलं.

संध्याकाळी पत्रा कापायला बसलो.
विसाव्या ओळीच्या टोकाला एक पाटी ठोकलीय आता,
दोन हात पांढऱ्या रंगाचे,
वर काही लिहिलेलं नाही.
येणारे-जाणारे विचारतात, हे कशाचं?
निंगव्वा सांगते, आई यायची हाय.