चौदा तास

एक जानेवारीला, रात्री बाराच्या ठोक्याला
सरकारनं मजुरी वाढवली. ताशी हजार वॉन, वर थोडे.
गुन्सानच्या बंदरावर भोंगा वगैरे काही वाजला नाही.
माझ्या दुकानात तेव्हा ये-सल
भाताचे त्रिकोण शेल्फात मांडत होती,
जुन्या तारखेचे पुढे, नव्या तारखेचे मागे.
"अभिनंदन," मी म्हणालो. ती हसली
तोंडावर हात धरून.
समोरचा दात अर्धा तुटलेला.

घरी सुक-हुईनं कॅल्क्युलेटर काढला.
भाडं हलेना. कंपनीचा वाटा हलेना.
कार्डमशीनची टक्केवारी, फ्रीजचं वीजबिल,
सगळे पाय रोवून उभे.
हलण्यासारखं एकच माणूस होतं यादीत.
(खरं तर दोन. पण मी स्वतःला अजून मोजत नव्हतो.)

आठवड्याला पंधरा तास भरले
की एक भरपगारी सुटी द्यावी लागते.
म्हणून मी तिला चौदा दिले.
वाटलं, भांडेल.
ती म्हणाली, "पेट्रोलपंपावरही चौदाच देतात,
कटलेटवालीकडेही.
चौदा त्रिक बेचाळीस. पाढे येतात मला, मालक."

रात्रपाळी मी घेतली.

पेपरात दोन प्राध्यापक हमरीतुमरीवर आलेले.
एक म्हणे कामं गेली, दुसरा म्हणे खरेदी वाढली.
दोघंही माझ्याच दुकानात डोकावून गेल्यासारखे:
बर्फाच्या कारखान्यातला मेंग
आता एकाऐवजी दोन बिअर नेतो,
आणि मुलीसाठी केळ्याचं दूध;
आणि रात्री तीनला
ज्या स्टुलावर कुणाचं तरी पोर बसलं असतं
तिथं मी बसतो, मोज्यांवर मोजे चढवून.

मार्चात एकदा भागाकार केला.
उरलेले पैसे भागिले माझे तास.
उत्तर कायद्याच्या खाली आलं.
सुक-हुईचे तास धरले, तर आणखी खाली.
तक्रारीचा नंबर दाराशीच आहे,
मीच चिकटवलेल्या कागदावर.
बराच वेळ वाचत उभा राहिलो.
मालकाचं नाव विचारलं, तर काय सांगू?

परवा पहाटे काउंटरवरच डोळा लागला.
दाराची घंटी वाजलेली कळलीच नाही.
जाग आली तेव्हा ये-सल खिडकीशी उभी,
नूडल्सच्या कपावर झाकण म्हणून वही.
स्कॅन तिनंच केलेलं, पैसे तिनंच ठेवलेले,
आणि शिळे होत आलेले त्रिकोण
सवयीनं पुढे ओढलेले.
"किती मिनिटांचं काम झालं हे?"
"सहा," म्हणाली, आणि हसली.
हात वर गेला नाही.
नवा दात शेजाऱ्यांपेक्षा जरा जास्तच पांढरा.
हप्त्यांवरचा. सात बाकी.

मी गल्ल्यातून सहा मिनिटं मोजून काढली,
नव्या दरानं.
ती नको म्हणाली.
मग घेतले.