जादा

मार्चअखेर. परळच्या कॉलेजात कपाटमोजणी.
वरून पत्र आलंय: नग, स्थिती, शेरा.
मयेकरांनी किल्ली हातात ठेवली होती तेव्हा
एवढंच म्हणाले,
"कवटी जबड्याला धरून उचलू नकोस. निखळते."

तर, म्हैस. गोरेगावच्या तबेल्यातली.
वरच्या ओळीत पुढे दातच नाहीत.
पहिल्या वर्षाची पोरं दरसाल विचारतात, पडले का?
पडले नाहीत. नव्हतेच.
तिथे चिवट गादी असते,
खालचे आठ तिच्यावर दाबून ती गवत तोडते.
स्थिती: बरी.

घूस. भायखळा मार्केट.
पटाशीचे दात नारिंगी, मरेपर्यंत वाढणारे.
कुरतडलं नाही तर स्वतःच्याच टाळूत घुसतील,
म्हणून लाकूड, साबण, वायर, काहीही.
सुळे नाहीत. दाढांपर्यंत मोकळी जागा,
मयेकर म्हणायचे, पोटभाडेकरू ठेवावा एवढी.

डॉल्फिन, मढच्या किनाऱ्याला लागलेला.
सगळे दात एका मापाचे.
धरायचं आणि गिळायचं, चावायची भानगड नाही.
दोन कमी. शेरा: पोरांनी नेले असावेत.

हत्तीची दाढ, सुटी.
पावाच्या लादीएवढी, तशाच आडव्या रेघा.
हत्तीला जन्मात सहा पाळ्या.
झिजलेली पुढे सरकते, मागून नवी येते.
सहावी झिजली की चारा नुसता समोर असतो.
हे सांगताना मयेकर जिभेनं कवळी बसवत.
मुलंबाळं विचारली की म्हणत,
"आमच्या मागनं कोण नाही."

खालच्या खणात, डांबराच्या गोळ्यांमागे,
काडेपेटी. कापूस.
कापसात साबुदाण्याहून जरा मोठा दात.
चिठ्ठी त्यांच्याच टाकाच्या अक्षरात,
बाकीच्यांवर आहे तशीच:
मानव. दुधाचा. पटाशी, खालचा, डावा.
मूळ विरघळलेलं, आपोआप पडलेला.
१४ जून ८१.
मिळाल्याचं ठिकाण: घर.

दुधाचा दात कौलावर फेकतात ना,
उंदराला सांगतात, हा घे, तुझा दे.
हा फेकलेला नाही.
त्याच्या जागी दुसरा आला का
ते लिहिलेलं नाही.

वीस वर्षं मोजतोय, दरसाल काही ना काही कमीच भरतं.
आज पहिल्यांदा एक जादा.
काडेपेटी होती तिथे ठेवली, गोळ्या पुढे सरकवल्या.
एकूण नग दोनशे बारा, असं लिहिलं, सही केली.
दोनशे तेरा आहेत.