नग एक

सकाळी आधी पांढरी शाई हलवायची.
बाकीचे रंग गुणी, आपापल्या जागी थांबतात,
पांढरी मात्र रात्रभरात तळाशी जाऊन बसते
रुसल्यासारखी.
मग कागदावर बारीक रेघांची जाळी छापून बघायची:
कुठली रेघ तुटली, कुठलं छिद्र बुजलं.
वूत्श शहरात जानेवारीची हवा इतकी कोरडी
की छिद्रांच्या आधी माझे ओठ तडकतात.
रेडिएटरवर मी पाण्याचं पातेलं ठेवते.
मालक म्हणतो, वाफेचं यंत्र आणलंय ना?
मी म्हणते, असू दे.

दिवसभर येतं ते एकेकच.
छातीभर कुत्र्याचा फोटो.
लग्नाआधीच्या पार्टीसाठी नवरदेवाचं लहानपणचं रडकं तोंड.
‘जगातला दोन नंबरचा बाप’,
हेही कुणीतरी पैसे मोजून छापून नेलं.
काळ्या कापडावर रंग उठावा म्हणून
खाली आधी पांढरा थर द्यावा लागतो.
तो कुणी मागत नाही.
भेगाळला, तरच लोकांना कळतं
की होता.

बुधवारी बोगुमिलाबाई आल्या.
वय अठ्ठ्याहत्तर, लोकरी टोपी,
पिशवीत दोन डगले, दोन्ही निळे.
एक कोरा करकरीत, घडीसुद्धा न मोडलेला.
दुसरा काखेत विरलेला, हात लावायची भीती वाटावी असा,
आणि जागोजागी डाग.
‘हे,’ त्या बोट ठेवत म्हणाल्या, ‘ह्याच्यावरचे त्याच्यावर.’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
अकरा वर्षं मी डाग न पडू देण्याचा पगार घेते.
एक थेंब भलतीकडे उडाला
की अख्खा नग भंगारात.

गिरणीचं आता संग्रहालय झालंय, त्या सांगू लागल्या.
शाळेच्या पोरांना दाखवायला एक माग चालू ठेवलाय,
आठ नंबरचा,
एकतीस वर्षं माझ्याच हाताखाली होता तो.
मला बोलावलं. डगला दिला. हा, नवा.
‘आणि पोरं विचारतात,
आजी, तू नाटकात काम करतेस का?’

जुना डगला मी स्कॅनरच्या काचेवर अंथरला.
डाव्या खिशाखाली बशीएवढं तेल,
धोटा अडकला होता त्या दिवसाचं.
बाहीवर गंजाची तिरकी रेघ.
पोटाशी पांढरे शिंतोडे: रंगखात्यातली हालिना,
भांडणात तिनं ब्लीचचा मग उपडा केला.
‘मीही काही कमी नव्हते,’ बाई म्हणाल्या,
पुढचं सांगितलं नाही.
फाइलला नाव द्यावंच लागतं.
मी लिहिलं: डाग, अंतिम.

गुंड्या काढल्या, खिसा उसवला,
जाड शिवणीवर छपाईचं डोकं घासतं म्हणून.
औषधाचा फवारा, इस्त्रीचा दाब, मग तेल, मग गंज.
शिंतोड्यांसाठी पांढरी शाई,
एकदाची वरच, कशाच्याही खाली नाही.
एकशे साठ अंश, तीन मिनिटं.
खिसा परत शिवला, जुन्याच टाक्यांच्या भोकांतून.

शनिवारी त्यांनी तो खिडकीशी नेला,
चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला.
‘धुतल्यावर जातील?’
‘पन्नास धुण्यांची हमी,’ मी सवयीनं म्हटलं.
‘माझे मी एकतीस वर्षं घासले.’
मग डगला नाकाशी धरला.
‘व्हिनेगरचा वास येतोय.’
पहिल्या धुण्यात जातो, मी सांगणार होते,
तोवर घडी पिशवीत गेलीसुद्धा.
‘तेलाच्या वासाचं मी बघते.’

पावतीवर लिहिलं: नग एक.
खिसा उसवल्या-शिवल्याचे पैसे लावले नाहीत,
मालकाला बोलले नाही.

जुना डगला टेबलावरच राहिला होता.
संध्याकाळी फोन केला.
‘राहू दे तुझ्याकडे,’ त्या म्हणाल्या,
मागे माग धडधडत होता, ओरडून बोलत होत्या,
‘यंत्र पुसायला घे.
कापड चांगलं आहे, धागे सुटत नाहीत,
मीच विणलंय.’